दिवेलागणीचं मीठ

सुगंधाकाकूंचं नाव सगळ्यात आधी लिहितो. माथेरानच्या डोंगराखाली, चौकच्या अंगाला एक लहानसं गाव आहे, तिथं त्या भातशेती करून राहतात. मालक वारले आहेत, मुलगा रसायनीला कारखान्यात जातो. आमचं त्यांचं नातं नाही, गोत नाही, त्या दिवसाआधी तोंडओळखही नव्हती. त्यांनी मला दारातून आत घेतलं नसतं तर हा प्रवास सांगायला मी परत आलो नसतो. आमच्या जत भागातल्या फार थोड्या लोकांनी तो मुलूख पाहिलाय, म्हणून काय पाहिलं तेही सांगणार आहे. पण मान आधी त्यांचा.

माझ्या दुखण्याचंही थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लहानपणी मला टीबी झाला. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. टीबी बरा झाला, पण जाताना मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी खाऊन गेला. हे कळायला बरीच वर्षं गेली. अंग काळवंडत चाललं, उठून उभं राहिलं की अंधारी यायची, आणि मिठाची अशी ओढ लागली की आईची नजर चुकवून मी बरणीतले खडे चघळायचो. शेवटी मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी ओळखलं. त्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा रस निघतो. ऊन, ताप, उपास, मार, भीती, काहीही अंगावर आलं की चांगल्या माणसाचं शरीर हा रस आपोआप वाढवतं आणि माणूस तगतो. माझ्या शरीरात तो तयारच होत नाही. अंगातलं मीठ धरून ठेवणारा दुसरा रसही त्याच ग्रंथींचा, तोही नाही. म्हणून दोन्हीच्या गोळ्या, रोज, जन्मभर.

मी मॅडमना विचारलं होतं, "ताणाचा रसच नाही, तर मग मला एवढी भीती कशी वाटते?"

त्या म्हणाल्या, "भीती वाटायला तो लागत नाही रे बिरू. भीती पेलायला लागतो."

हवेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे सगळ्यांचाच हा रस कमीजास्त होतो, असंही त्या म्हणाल्या. कुठं थंडीत वाढतो म्हणतात, कुठं कडक उन्हाळ्यात. जाणत्यांचंही त्यात एकमत नाही. इतरांना ते समजतसुद्धा नाही. "तुला मात्र हवा बघून स्वतःचा डोस सांभाळावा लागेल. घाम गेला की मीठ घे. ताप आला की गोळी दुप्पट. उलटी होऊन गोळी टिकली नाही तर इंजेक्शन, आणि लगेच दवाखाना." इंजेक्शनचा डबा तेव्हापासून माझ्या पिशवीत असतो. पण घरात कुणी ते टोचायला शिकलं नव्हतं. आईला सुई बघवत नाही, आणि आमचे दाजी डबा उघडला की तोंड फिरवतात.

चौक

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. आमचा घोंगड्यांचा धंदा. मे महिन्याच्या उत्तरार्धात, पाऊस लागायच्या आधी, दाजी दरवर्षी कर्जत-खालापूरकडे माल घेऊन जातात. भाताच्या लावणीला तिथली जुनी माणसं अजून डोक्यावरून घोंगडी घेतात. प्लास्टिक आलंय, पण प्लास्टिकखाली माणूस शिजतो. यंदा दाजींसोबत जाणारा गडी ऐनवेळी फिरला आणि मी म्हणालो, मी येतो. आई दोन दिवस बोलली नाही.

चौकला आमच्या भागातल्या एकाचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या खोलीत उतरलो. पुढं जुना पुणे-मुंबई रस्ता, धाबे, टायरांचे ढीग. पहिल्या सकाळी उठलो तर सदरा अंगाला चिकटलेला. मला वाटलं झोपेत ताप येऊन गेला. गॅरेजवाला हसला. म्हणाला, "ताप नाही, इथली हवाच आहे ती. वाळत घातलेलं फडकं इथं संध्याकाळीपण ओलंच."

आमच्याकडचं ऊन भाजतं. जीभ सुकते, ओठ फुटतात, घाम यायच्या आधी वाळून जातो आणि सदऱ्यावर मिठाचा पांढरा नकाशा उमटतो. तो नकाशा बघून मी मीठपाणी घेतो, ही माझी घरची रीत. चौकला नकाशाच उमटेना. घाम वाळतच नाही तर मीठ दिसणार कुठून? आणि ओठही सुकत नव्हते. मी मनाशी एक हिशेब मांडला. इथं हवेतच एवढं पाणी आहे, तर अंगातलं बाहेर कशाला जाईल? कोरड्या मुलखातल्या माणसालाच सुचेल असला हिशेब. मी मीठपाणी कमी केलं.

कर्जत आणि आजूबाजूची गावं

कर्जतच्या बाजारात एक दिवस बसलो, मग टेंपोने गावोगाव. शेतांचे तुकडे काळे दिसत होते. पालापाचोळा, शेण, गवत अंथरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. तिथंच पुढं भाताची रोपं उगवतात. आमच्याकडे जमीन उन्हानं आपोआप भाजते, तिला वेगळी भाजावी लागत नाही, असं मी एका म्हाताऱ्याला म्हणालो. तो म्हणाला, "मग तुमी नशीबवान. आमचा धूर आमच्याच नाकात."

जेवायला तांदळाची भाकरी, सुकट, कैरी. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, पण तिच्यात मीठ नसतं. सुकटीनं माझं थोडं भागायचं, पण दाजी शुद्ध शाकाहारी. त्यांच्यासाठी घरून नेलेल्या ज्वारीच्या कडक भाकरीही ओलसर हवेत मऊ पडल्या होत्या. रोज पहिला घास मोडताना ते एकदा घरच्या दिशेला बघायचे.

एक गोष्ट मी तिथं पाहिली, ती दुखण्यामुळंच माझ्या नजरेत आली असेल. पाऊस जवळ आला की त्या गावांतली माणसं चिडकी होतात. उकाडा असा की पंख्याखालीही मान ओली. घराची कौलं चाळायची राहिलेली, जळण आत घ्यायचं राहिलेलं, बियाणं आणायचं राहिलेलं. नवरा-बायको दारात भांडतात, पोरं मार खातात. एका बाईनं घोंगडी हातात धरली आणि उगाच माझ्यावर ओरडली, "एवढी टोचते, मानसांसाठी केली हाय का रेड्यासाठी?" मग स्वतःच खाली बसून पाणी प्यायली, मलाही दिलं. म्हणाली, "मनावर घेऊ नको रं. मिरगाचा पाऊस येईपर्यंत आमची टाळकी अशीच." आमच्याकडे पावसाची वाट बघणं वर्षभर चालतं, त्याची चिडचिड होत नाही, नुसती गप्पगप्प होतात माणसं. इथं ती वाट पंधरा दिवसांत गोळा होते. त्या बाईच्या अंगात तो रस सरसर वर चढत असणार, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, हेवा वाटला.

माथेरान

माथेरानला घोडेवाल्यांकडे आमची जुनी गिऱ्हाइकी आहे. खोगिराखाली ते घोंगडी घालतात. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढं लाल मातीतून चालत. पाठीवर गठ्ठा घेऊन मी झाडीत शिरलो आणि जादू व्हावी तसं झालं. वारा लागला. अंगाला चिकटलेला सदरा सुटला. पाय हलके झाले. तिथं दोन दिवस होतो आणि त्या दोन दिवसांत मला एकदाही अंधारी आली नाही.

एक घोडेवाला, वयस्कर, लगाम तेल लावून मऊ करत बसला होता. तो म्हणाला, "खाली गेलो की माझं डोकं दुखतं. लेकीकडं कर्जतला राहवत नाय. घोडंपन खाली राहत नाय, फेस काढतं." दाजी म्हणाले, "घोड्याचं कळलं, तुम्हाला कशानं होतंय?" तो म्हणाला, "मला लेकीच्या सासूनं होतं." सगळे हसले. मीही हसलो. असं मोकळं हसून मला बरेच दिवस झाले होते.

तिथंच मी चुकीचं ठरवलं. गठ्ठ्यातल्या थोड्या घोंगड्या राहिल्या होत्या. माथेरानवरून एक पायवाट चौकच्या अंगाला उतरते. त्या वाटेनं खाली उतरून पायथ्याच्या गावांत त्या विकाव्यात आणि संध्याकाळी चौकला पोचावं, असं मी म्हणालो. दाजी बाकीचा हिशोब मिटवून नेरळ-कर्जतमार्गे गाडीनं येणार होते.

"लई शाना झालास," दाजी म्हणाले. "गप माझ्याबरं गाडीत बस. तुझ्या अक्काला काय सांगू मी?"

"दाजी, मला बरं वाटतंय. कधी नव्हे ते वाटतंय."

त्यांनी सकाळच्या गोळ्या घेतल्या का एवढंच विचारलं. घेतल्या होत्या.

उतार

अर्ध्या डोंगरापर्यंत सावली होती. करवंदाच्या जाळ्या, जांभळं पडून वाट जांभळी झालेली. मग झाडी संपली आणि खालची हवा अंगावर आली. ती कशी सांगू, उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर वाफ येते तशी. वारा नाही. घाम कोपरावरून गळत होता. वर मला वाटलेलं बरेपण हे माझं नव्हतं, ते डोंगराचं होतं, हे तिथं मला कळायला हवं होतं. पण मी बाटलीतलं साधं पाणी पीत राहिलो, नुसतं पाणी, पुन्हापुन्हा. मिठाची पुडी दाजींच्या पिशवीत राहिली होती.

पायथ्याच्या पहिल्या वाडीवर एक घोंगडी गेली. दुसऱ्या गावाच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे आले. मग पोटात. मी बांधावर बसलो आणि उठता येईना. हे दुखणं कसं येतं ते मला माहीत आहे. आधी खूप थकवा, मग एक विचित्र बेफिकिरी. माझ्यासारख्या घाबरट माणसाला कशाची काळजी वाटेनाशी झाली की समजावं, वेळ थोडा उरला. दाजींना फोन लावला, लागला नाही. बहुतेक ते घाटातल्या वळणांवर होते.

समोर एक घर होतं. अंगणात तुळस. दिवस मावळला होता आणि एक बाई तुळशीपुढे दिवा लावून आत वळत होती. त्या सुगंधाकाकू.

मी अंगणाच्या कडेला उभं राहून म्हणालो, "काकू, चिमूटभर मीठ घाला हातावर."

"कोन रं तू?"

"घोंगडीवाला. जतकडचा."

"दिवं लागलं ना आता. दिवं लागल्यावर मीठ घराभायेर देत नाय आमी. नि हातावर तर नायच."

आता हे वाचून कुणी काकूंना नावं ठेवू नये. आमच्या घरीही हेच आहे. दिवेलागणीनंतर मीठ उंबऱ्याबाहेर गेलं की लक्ष्मी जाते, असं आईही मानते, मीही मानतो. म्हणून तर मला ते लगेच पटलं. एवढं पटलं की मी आजारी आहे, हे सांगायचंही मला सुचलं नाही. "चुकलं काकू, लक्षात नाही आलं," असं म्हणून मी मागे फिरलो. मरायला निघालेला माणूस, आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं.

चार पावलं गेलो असेन. काकूंनी हाक मारली. "थांब रं. लोक पानी मागतात, तू मीठ का मागतोस? प्यायलायस का?"

"नाही."

"मग असा हेलपाटतोस का?"

"अंगातलं मीठ संपलंय. आजार आहे मला तसला."

काकूंनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाल्या, "मीठ भायेर जायाचं नाय. तर मग तूच आत ये."

शेजारच्या ओट्यावरून एका बाईनं विचारलं, "सुगंधे, कुनाला गं घरात घेतलास?"

"त्याला मीठ पायजे."

"मग दे की हातावर नि लाव वाटेला."

"दिवं लागलं, दिसत नाय का तुला?" काकू म्हणाल्या, आणि माझा दंड धरून मला आत नेलं.

दुपारची पेज होती, त्यात त्यांनी मूठभर मीठ कालवलं आणि वाडगा माझ्या तोंडाला लावला. मी दुप्पट गोळ्या काढून घेतल्या. थोड्या वेळात सगळं उलटलं. गोळ्याही. त्यांनी पुन्हा पेज आणली. पुन्हा तेच झालं. तेव्हा मी पिशवीतला डबा काढला आणि म्हणालो की आता सुई टोचावी लागेल, मला स्वतःला जमणार नाही, बोटं नीट वळत नाहीत. गावात कोणी नर्स आहे का?

काकू डब्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे नाही, डब्याकडेच.

"मालकांना साखरेची मीच टोचायची," त्या म्हणाल्या. "सकाळ-सांज. ते गेले तवापासून सुई हातात धरली नाय मी." मग त्यांनी पदराला हात पुसले. "सांग. कसं करू?"

एका बाटलीत पूड, एकात पाणी. पाणी सुईत ओढून पुडीत सोडायचं, हलवायचं, परत ओढायचं. मी एकेक सांगत होतो, आणि माझाच आवाज मला लांबून येत होता. काकूंनी सुई उजेडाकडे धरून हवा काढली. ते सांगावं लागलं नाही.

"पोटात?"

"मांडीत. सरळ, खोल."

"ही मोठी हाय रं. त्यांची बारीक असायची." त्यांनी डोळे मिटले नाहीत, फक्त एकदा नवऱ्याचं नाव न घेता "अवो, बगा हं" असं म्हणाल्या, आणि टोचली.

मघाची शेजारीण दारात उभी होती. काकूंनी मान न वळवता तिला सांगितलं, "तुझ्या दादल्याला टेंपो काढायला सांग." ती पळत गेली.

दवाखाना

सरकारी दवाखान्यात सलाईन लागली. सकाळी डोळे नीट उघडले तेव्हा दाजी पायाशी बसले होते, आणि खिडकीशी काकू, मांडीवर पेजेचा डबा घेऊन.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझा चौकचा हिशेब ऐकला आणि उलटा करून सांगितला. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग थंड होतं. दमट हवेत तो उडत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडत राहतं. पाण्याबरोबर मीठ जातं, दिसत नाही इतकंच. वर मी नुसतं पाणी ढोसून उरलंसुरलंही पातळ केलं. "या महिन्यात इथं धडधाकट माणसंही आडवी होतात," ते म्हणाले. "त्यांच्या ग्रंथी त्यांना वेळ मिळवून देतात. तुमच्याकडे तो वेळ नसतो. सुई उशिरा लागली असती तर सलाईन लावून उपयोग नव्हता."

दाजींनी तोंडावर उपरणं घेतलं. काकूंनी त्यांना जरा वेळ दिला आणि मग धारेवर धरलं. "तुमी जावई ना ह्याच्या घरचे? पोराला एकट्याला डोंगरातून सोडलात कसं?"

"ऐकत नाय ओ हा."

"ऐकत नाय म्हंजे? तुमी मोठे का तो मोठा?"

आमच्या घरात दाजींना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. नंतर त्यांनी गठ्ठ्यातली सगळ्यात चांगली घोंगडी काढून काकूंपुढे धरली. काकूंनी तिच्यावरून हात फिरवला, वीण बघितली, चांगली आहे म्हणाल्या आणि घडी करून परत दिली. "आजारी मानूस दारात आला, तो आत घेतला. त्याचं काय घ्यायचं असतं?"

दाजी चहा आणायला गेले तेव्हा त्या मला आमच्याकडचं विचारत बसल्या. भात नाही तर खाता काय? घाम खरंच वाळतो? मी ज्वारीचं सांगितलं. थंडीत हुरडा असतो, शेतात आगटी पेटवून भाजतात, हवा इतकी कोरडी आणि गार की माझ्यासारख्यालाही दिवसभर चालवतं, हे सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"घाटावरची गाड्यांची लाईट दिसते आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून बघते. वर काय हाय ते बघितलं नाय. मालक बोलायचे, भात झोडून झाला की नेतो. दर साली भात झोडून झाला, नि दर साली काय ना काय निघालं. मग त्यांची साखर निघाली."

मग त्यांनी डब्याचं झाकण काढून पेज वाटीत ओतली. माझ्या देखत मीठ घातलं, आणि मी पुरेसं म्हणेपर्यंत घालत राहिल्या.

आता मी घरी आहे. आल्यावर पहिलं काम आईनं केलं. मिरजेला मॅडमपुढे बसून ती सुई टोचायला शिकली. वांग्यावर सराव केला. दर वेळी डोळे मिटायची, मॅडम रागवायच्या. मी तिला म्हणालो, एका बाईनं नवरा गेल्यावर सोडलेली सुई माझ्यासाठी परत हातात घेतली. त्यानंतर तिनं डोळे मिटले नाहीत.

काकूंना फोन करतो. त्या दर वेळी आधी विचारतात, "मीठ खाल्लंस का?" त्यांचं मला फेडायचं आहे, आणि वस्तू देऊन ते फिटत नाही, हे त्यांनीच दाखवलंय. म्हणून इथं लिहून ठेवतो, चार लोकांच्या साक्षीनं. एका थंडीत, भात झोडून झाला की, मी स्वतः त्यांच्या अंगणात जाईन आणि त्यांना घाट चढवून आमच्या शेतात आणीन. यंदा काही निघालं तर पुढच्या साली. पण नेईन.